कादंबरीची बैठक



गोष्ट सांगणारा माणूस नाही असे गाव महाराष्ट्रात शोधून सापडायचे नाही. पारावर, एसटीच्या थांब्यावर, शाळेच्या मधल्या सुट्टीत असा कोणीतरी असतोच, की त्याने तोंड उघडले म्हणजे भोवतालची माणसे हातातली कामे विसरतात. त्याला विचारावे, "अहो, हे सगळं लिहून का काढत नाही?" तर उत्तर ठरलेले. "डोक्यात अख्खी कादंबरी तयार आहे, पण वेळ कुठं गावतोय!" त्यांतले काही जण लिहायला बसतातही. नवी दोनशे पानी वही येते. पहिल्या पानावर 'श्री' पडतो. चार दिवस झपाट्याने जातात. मग पाहुणे येतात, पेरणी येते, मतदारयादीचे नाहीतर कसल्याशा सर्वेक्षणाचे काम गुरुजींच्या गळ्यात पडते आणि वही फळीवर जाऊन बसते. तिसऱ्या प्रकरणाशी थांबलेल्या अशा वह्या किती असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही. माणूस गेला म्हणजे त्या रद्दीत जातात आणि त्यांच्याबरोबर एका गावाची पन्नास वर्षे जातात. आजचे बोलणे या वह्यांविषयी आहे.

कविता एखाद्या रात्रीत होते. कथा चार बैठकींत हातावेगळी करता येते. कादंबरीचे तसे नाही. बेताची कादंबरी म्हटली तरी पन्नास-साठ हजार शब्द. आकडा ऐकून दबकू नका, आपण त्याचा हिशेब मांडू. फुलस्केप कागदाच्या एका बाजूला मध्यम अक्षरात दोनशेच्या वर शब्द बसतात. दोनशेच धरा. रोज एक बाजू, म्हणजे तीनशे दिवसांत साठ हजार. वर्षातले पासष्ट दिवस पेरणी-सुगीला, लग्नकार्यांना आणि दुखण्याखुपण्याला सोडून दिले, तरी वर्षाअखेर पहिला खर्डा हातात येतो. आणि एक बाजू लिहायला वेळ किती? हात वळला की पाऊण तास.

हा हिशेब माझ्या पदरचा नाही. इंग्लंडात गेल्याच्या मागच्या शतकात अँथनी ट्रॉलप नावाचा कादंबरीकार होऊन गेला. तो आपल्यापैकी पुष्कळांसारखाच नोकरदार. १८३४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो टपालखात्यात कारकून म्हणून लागला आणि १८६७ पर्यंत त्याच खात्यात राहिला. खेड्यापाड्यांत टपाल नीट पोचते की नाही हे पाहण्यासाठी घोड्यावर बसून वाड्या-वस्त्या पालथ्या घालणे हे त्याचे एक काम. रस्त्याच्या कडेला पत्रे टाकण्याची पेटी उभी करावी ही सूचनाही त्याचीच. त्या सूचनेवरून १८५२ साली चॅनेल बेटांवर अशा पेट्या आल्या. आपल्या गावातल्या लाल पेटीची ती आजी म्हणायला हरकत नाही. तर एवढा व्याप सांभाळून या गृहस्थाने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या.

लिहिल्या कशा, ते ऐकण्याजोगे आहे. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसलेला असे. वेळेवर उठवायला त्याने एक म्हातारा मोतद्दार ठेवला होता. या कामासाठी त्या म्हाताऱ्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत आणि तो कॉफी घेऊन हजर होई. आपल्या यशात या माणसाचा वाटा फार मोठा आहे, असे ट्रॉलपने आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. बसल्यावर पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे लिखाण वाचण्यात जाई, आणि तेही वाक्य कानाला कसे लागते हे पारखीत. मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द. वेळ झाली की लेखणी खाली, कपडे, न्याहारी आणि पुढे कचेरी. आठवड्यात किती पाने झाली याची तो चक्क रोजकीर्द ठेवी. पान म्हणजे अडीचशे शब्दांचे हेही ठरलेले, नाहीतर माणूस मोठे अक्षर काढून स्वतःलाच फसवायचा! आठवड्याची सरासरी चाळीस पाने. कधी वीसवर आली, कधी एकशे बारावर गेली. पुढे रेल्वेचा प्रवास वाढला तेव्हा मांडीवर ठेवायची एक फळी करून घेऊन तो धावत्या गाडीत पेन्सिलीने लिहू लागला. त्याची साफ नक्कल करून देण्याचे काम त्याच्या पत्नीकडे असे.

१८८२ साली तो वारला आणि पुढच्या वर्षी आत्मचरित्र बाहेर आले. हा हिशेब वाचून पुष्कळ रसिकांनी नाके मुरडली. कादंबरी म्हणजे काय वाण्याची वही आहे, असे त्यांना वाटले. शेतकऱ्याला मात्र यात काही वावगे वाटायचे नाही. मन लागले तर नांगरीन आणि नाहीतर नाही, असे म्हणून कोणाचे शेत पिकलेले नाही.

आता, पाच पौंडांचा मोतद्दार आपल्याकडे कुठला, असे तुम्ही म्हणाल. पण पहाटे धार काढायला उठणारी माणसे आपल्या घरात आहेत, देवळातली काकडआरती आहे, मशिदीतली बांग आहे, मुक्कामाची एसटी सुटल्याचा आवाज आहे. यांपैकी एखाद्या रोजच्या गोष्टीला आपली बैठक बांधून टाकावी. 'सवड मिळाली म्हणजे लिहीन' यातली सवड कधी येत नाही. 'पहिली गाडी गेली की लिहीन' यातली गाडी रोज जाते. जागाही एकच असावी, आणि वही तिथेच असावी. वही शोधण्यात दहा मिनिटे गेली की पाऊण तासाचा अर्धा तास होतो आणि मनही विस्कटते.

खाडे तर पडणारच. मृगाचा पाऊस झाल्यावर वही घेऊन बसणाऱ्याला घरचे लोक काय म्हणतील ते मी सांगायला नको. ते दिवस आधीच सुट्टीचे म्हणून धरून टाकावेत. पण मधूनच एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दोन पाने लिहीन असे मात्र कबूल करू नये. थकबाकी चढली की माणूस सावकाराचे घर टाळतो, तसा तो वहीला टाळू लागतो. काल गेला तो गेला. आजचे एक पान लिहावे.

सगळ्यांत कठीण गोष्ट घरच्या बायामाणसांची. त्यांना सलग पाऊण तास कोणी देत नाही. स्वयंपाक उरकता उरकता सुचेल ते टिपून ठेवा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. मला तो सल्ला फारसा पटत नाही. टिपणे होतात, कादंबरी होत नाही. ज्या घरात लिहिणारी बाई असेल, त्या घरातल्या बाकीच्यांनी रोजचा तेवढा वेळ तिला मोकळा करून द्यावा. सकाळचा चहा दुसऱ्या कोणी केला तर घरावर काही आभाळ कोसळत नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली म्हणतात. तिथे कुठे होता पानांचा हिशेब? प्रश्न चांगला आहे. पुस्तकाचा बहुतेक भाग त्या पाच दिवसांतला आहे हे खरेच. पण त्या पाच दिवसांच्या मागे काय होते ते पाहा. १९२४ ते १९३० गुरुजी अमळनेरला शाळेत शिकवीत होते आणि छात्रालयातल्या मुलांचे पाहत होते. त्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित काढीत. मासिक नव्हे बरं का, दैनिक! दिवसभर शिकवायचे, मुलांची दुखणीखुपणी बघायची, आणि तरी रोजच्या रोज हाताने लिहून मुलांपुढे ठेवायचे. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर रविवारच्या रविवारी अठरा प्रवचने दिली. ती लिहून घेतली गुरुजींनीच. बोलणाऱ्याच्या पाठोपाठ लेखणी चालवायची म्हणजे हात केवढा तयार लागतो! त्यानंतर एका वर्षाच्या आत नाशिक. पाच दिवसांत पुस्तक उतरले ते असे नऊ वर्षांच्या हातातून उतरले.

त्या पुस्तकाची आणखी एक गोष्ट लिहिणाऱ्याने ध्यानात घ्यावी. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. एका रात्री एक आठवण सांगून व्हायची. कादंबरीचा डोंगर समोर पाहून छाती दडपते, पण एक रात्र म्हणजे एका बैठकीत संपणारे काम. तुमच्या कादंबरीत रात्री नसतील, बाजार असतील, पाण्याच्या पाळ्या असतील, एखाद्या खटल्याच्या तारखा असतील. कसलेही का असेना, एका बैठकीला पेलेल एवढे माप आधी ठरवून घ्यावे.

आपल्या भाषेत या नियमितपणाचा मोठा दाखला म्हणजे हरि नारायण आपटे. १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो', 'मी', 'उषःकाल' या कादंबऱ्या त्यातून आठवड्याला एक तुकडा अशा छापल्या. पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था त्यांच्याकडे होतीच. तरी आठवडा भरला की मजकूर छापखान्यात गेलाच पाहिजे, कारण वाचक वाट पाहत बसलेला. काही कादंबऱ्या त्यांच्याही अपुऱ्या राहिल्या, हे सांगितले पाहिजे. पण ज्या पुऱ्या झाल्या, त्यांच्या मागे त्या वाट पाहणाऱ्या माणसाचा रेटा होता. तुमच्यापाशी साप्ताहिक नाही. पण शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आठवड्याची पाने ऐकायला येईल असा एक सोबती मिळवता येईल. गावच्या वाचनालयात तिघे-चौघे जमवता येतील. ऐकणाऱ्याने टीका करू नये. त्याने फक्त विचारावे, "पुढं काय झालं?" लिहिणाऱ्याला एवढे पुरे होते.

बैठक कुठे मोडावी, यालाही एक युक्ती आहे. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे सांगत असे की, पुढे काय लिहायचे ते ठाऊक असतानाच थांबावे, विहीर तळापर्यंत उपसू नये, म्हणजे रात्रीत झऱ्यांनी पाणी चढते. ही गोष्ट मोटार लावून पाणी उपसणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. प्रसंग संपवून उठलात तर उद्या कोऱ्या पानासमोर बसावे लागते. भांडण अर्ध्यावर सोडून उठलात तर उद्या बसल्याबरोबर ते पुढे चालू होते.

परदेशात १९९९ पासून एक चढाओढ सुरू झाली होती. नोव्हेंबरच्या तीस दिवसांत पन्नास हजार शब्द लिहायचे, म्हणजे रोजचे सोळाशे सदुसष्ट. पहिल्या वर्षी एकवीस माणसे होती, पुढे जगभरची माणसे त्यात उतरली. ती चालवणारी संस्था २०२५ साली बंद पडली. तिने पुष्कळांना लिहिते केले हे मान्य. पण नवख्याने तीस दिवस धावून अकरा महिने वही न उघडण्यापेक्षा रोजचे एक पान मला बरे वाटते. निदान संसारी माणसाला तरी.

आता साधने. लोक पहिल्यांदा विचारतात संगणक कोणता घ्यावा, म्हणून सुरुवातीलाच सांगतो की त्याच्यावाचून अडत नाही. वहीच्या उजव्या पानावर लिहावे, डावे पान कोरे ठेवावे. दुरुस्त्या, सुचलेली भर, शंका, सगळे डाव्या पानावर. एवढ्याने निम्मी खाडाखोड वाचते.

याहून उपयोगी गोष्ट म्हणजे दुसरी एक लहान वही. ती माणसांची आणि काळाची वही. प्रत्येक पात्राचे नाव, जन्मसाल, कोण कोणाचा मामा, कोणाचा डोळा अधू, कोणाच्या दारात कसले झाड. दीडशे पानांनंतर ही माहिती डोक्यात राहत नाही, आणि पहिल्या प्रकरणात वारलेली आत्या दहाव्या प्रकरणात वाती वळत बसलेली सापडते. त्याच वहीत सालवार रकाने पाडावेत. गोष्ट ज्या वर्षांत घडते त्या वर्षांत महाराष्ट्रात काय झाले ते एका बाजूला, आपल्या माणसांचे काय झाले ते दुसऱ्या बाजूला. १९६१ च्या जुलैत पानशेत फुटले. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. १९७२ चा दुष्काळ, ती खडी फोडण्याची कामे, ती सुकडी, तो मिलो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झाला. आदली रात्र अनंत चतुर्दशीची, गणपती बोळवून माणसे नुकती कुठे पाठ टेकत होती. अनंत चतुर्दशी म्हणजे पौर्णिमेच्या तोंडावरची रात्र. तिथे कोणी अमावस्येचा काळोख लिहिला, तर त्या मुलखातला वाचक पुस्तक मिटून ठेवील, आणि त्याचे काय चुकले? तेव्हा जुने पंचांग नाहीतर दिनदर्शिका कुठे मिळाली तर टाकून देऊ नका. आजकाल कोणत्याही जुन्या दिवसाची तिथी फोनवरही काढता येते.

वहीत नसते ते माणसांच्या तोंडी असते. दुष्काळी कामावर ऐन विशीत राबलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. ज्वारी किलोवर घेत होतात की पायलीवर, मजुरी कोणत्या वारी मिळायची, कामावर पोरे कोण सांभाळायचे, हे त्यांना आजच विचारले पाहिजे. मोटेचा नाडा, कणा, धाव, थारोळे हे शब्द त्यांना अर्थ आठवून सांगावे लागत नाहीत. त्यांनी ते हाताळले आहेत. फोनमध्ये आवाज भरून घेण्याची सोय असते. आजोबांची परवानगी घेऊन ती चालू करावी आणि आपण कमी बोलावे. गुरुजी आणि बाईंना माझी खास विनंती आहे, की हे काम वर्गातल्या मुलांकडूनही होते आणि मुलांना ते आवडते.

शब्दासाठी अडलात तर कोश पाहावा. दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ पासून सात खंडांत निघाला. शब्द कोणत्या भागातला, हेही त्यात पुष्कळ ठिकाणी दिलेले सापडते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्याहून जुना, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. पूर्वी हे ग्रंथ पाहायला तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला जावे लागे. आता शिकागो विद्यापीठाने दोन्ही कोश संगणकावर सर्वांना फुकट खुले केले आहेत. मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे.

प्रसंगांचा क्रम लावायला कागदाचे तुकडे फार सोईचे पडतात. एका तुकड्यावर एका प्रसंगाची एकच ओळ. असे सगळे तुकडे सतरंजीवर मांडावेत आणि मागेपुढे हलवून पाहावेत. नाबोकोव्हसारखा मोठा लेखक तर कादंबरीचा मजकूरच अशा पत्त्यांवर लिही. आपल्याकडे लग्नसराईनंतर पत्रिकांचा ढीग असतो. त्यांच्या कोऱ्या बाजू या कामाला उत्तम. हेच काम करणाऱ्या आज्ञावली संगणकासाठी विकतही मिळतात. पण गोष्ट पुढे सरकत नसेल तर त्यांनी ती सरकत नाही.

हाताने लिहिण्याचा ज्यांना कंटाळा आहे, किंवा रात्रीच्या विजेवर पाणी धरायला शेतात जावे लागते, त्यांनी फोनला सांगून पाहावे. २०१७ पासून गूगलच्या कळफलकावर मराठीत बोलून लिहिता येते. एक मात्र सांभाळा. 'व्हतं', 'न्हाई', 'आलंया' असे बोलीतले शब्द ते यंत्र पुष्कळदा आपल्या मनाने बदलून टाकते आणि तुमची म्हातारी एकदम पुस्तकी बोलू लागते. म्हणून त्याच दिवशी एकदा वाचून दुरुस्ती करावी. टंकलेखन करणाऱ्यांनी युनिकोडमध्येच करावे. जुन्या अक्षरवळणांत केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती रांगोळी दिसते. आणि लिहिलेल्याची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. वही असेल तर महिन्यातून एकदा पानांचे फोटो काढून ते एखाद्या भावाबहिणीला पाठवून ठेवावेत. घरे गळतात, वाळवी लागते, फोन विहिरीत पडतात.

अलीकडे मागाल ते प्रकरण लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. जुना संदर्भ विचारायला ती बरी, पण मिळालेले उत्तर पडताळून घ्यावे. गोष्ट त्यांच्याकडून लिहून घेण्यात मला मौज दिसत नाही. तुमच्या आजीने १९७२ साली मिलोची भाकरी कशी थापली, ते आजीला ठाऊक आहे.

पहिला खर्डा पुरा झाला की महिनाभर वही बांधून ठेवावी आणि मग संबंध कादंबरी मोठ्याने वाचावी. शक्यतो गोष्टीतल्या मुलखाची माहिती असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसासमोर. जिथे त्यांनी "असं नव्हतं रं" म्हटले, तिथे डाव्या पानावर लगेच टीप करावी. जिथे ते उठून अंगणात गेले, तिथे नुसती पेन्सिलीची खूण करून वाचीत राहावे. त्या खुणांपासून दुसरा खर्डा सुरू करायचा, आणि त्यालाही रोजचे एक पान हेच माप ठेवावे.